शलमोनाचं मंदिर मैदानावर आखायचं कसं

बायबलातल्या शलमोन राजानं यरुशलेमात बांधलेलं मंदिर थर्माकोलचं करू नका. दरवर्षी मे महिन्यात व्हीबीएसला, म्हणजे चर्चच्या सुट्टीतल्या बायबल शाळेला, ते होतं, वर सोनेरी कागद चिकटतो आणि जूनमध्ये ते माळ्यावर जाऊन पडतं. लेकरांना त्यातनं एवढंच कळतं की मंदिर चकचकीत होतं. केवढं होतं, कसल्या जागेवर होतं, आत कोण जायचं नि बाहेर कोण थांबायचं, हे कळायला पाहिजे असेल तर ते खऱ्या मापानं जमिनीवर आखा आणि लेकरांना त्यातनं चालवा. मी जालन्याचा, सगळा जन्म गवंडीकामात गेला. घराची आखणी करतो तशीच ही करायची.

आधी जागा. वीस गुंठे तरी मोकळी हवी, तीही लांबट, साधारण २२० फूट बाय १०० फूट. नांगरलेलं वावर नको. मे महिन्यात काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात, ढेकळांवर दोरी सरळ बसत नाही आणि फक्की भेगांत जाते. मुरमाड, चोपून बसलेली जागा उत्तम. गावात कुणी जुन्या खळ्याची जागा अजून मोडली नसेल तर शेजारचं रान धरून तीच मागा, कारण मूळ जागाही खळंच होती.

दावीद राजानं ते खळं अरवना यबूसी नावाच्या माणसाकडनं घेतलं. देशात मरी पसरली होती, ती थांबावी म्हणून तिथं वेदी बांधायची होती. अरवना म्हणाला, जागा घ्या, बैल घ्या, जळणाला मळणीची अवजारं घ्या, पैशाचं काही नाही. दावीद ऐकेना, पदरचं काही न मोडता देवाला अर्पण करणार नाही म्हणाला. बायबलातल्या शमुवेलाच्या पुस्तकात खळं आणि बैल मिळून ५० शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी लिहिलीय, बायबलातल्याच ‘इतिहास’ नावाच्या पुस्तकात त्या जागेचे ६०० शेकेल सोनं. एकाच जमिनीच्या व्यवहाराचे दोन आकडे आपल्याकडं कुणाला नवीन नाहीत, तेव्हा त्यावर फार अडू नका. मंदिर मात्र दाविदाच्या हातून झालं नाही, त्याच्या मुलानं, शलमोनानं बांधलं.

खळं कुठं करायचे ते म्हाताऱ्या माणसाला विचारा. उंचवट्यावर, वारा लागेल असं, खाली जमीन टणक. बैलांची पात फिरून मळणी झाली की उपणायला वारा पाहिजे, नाहीतर भुसा तिथंच पडतो. यरुशलेमात दाविदाचं शहर दक्षिणेकडच्या खालच्या सोंडेवर होतं, हे खळं त्याच्या उत्तरेला वरच्या अंगाला, आणि पूर्वेला किद्रोनची दरी. पायाला खडक आयता. आज त्या टेकडीवर हेरोद राजानं वाढवलेला भलामोठा चौथरा आहे आणि त्यावर सातव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली डोम ऑफ द रॉक ही इस्लामी वास्तू. तिथं उत्खनन करता येत नाही. त्यामुळं शलमोनाच्या मंदिराचा म्हणून एकही दगड खात्रीनं दाखवता येत नाही आणि चौथऱ्यावर ते नेमकं कुठं होतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपल्या हातात आहेत ती ‘पहिलं राजे’ आणि ‘दुसरं इतिहास’ या बायबलातल्या पुस्तकांतली मापं. जोडीला सीरियातलं ऐन दारा, तुर्कस्तानातलं तेल तायिनात अशा ठिकाणी सापडलेले साधारण त्याच घडणीचे पाये आहेत: पुढं देवडी, मग दालन, शेवटी गाभारा.

म्हणून आखणीला दोन रंग ठेवा. पुस्तकात माप लिहिलंय ती रेघ पांढऱ्या फक्कीची. अंदाजानं धरलेली रेघ विटांच्या चुऱ्याची, लाल. वीटभट्टीवर चुरा पोतं भरून मिळतो. हा भेद पाळलात तर मोठी माणसंही नीट ऐकतात, नाहीतर ‘हे कुठं लिहिलंय’ यातच सकाळ जाते. फक्की म्हणजे खडूची पावडर आणा, कळीचा चुना लेकरांच्या हातात देऊ नका. आणि टाकताना वाऱ्याकडं पाठ करा.

बाकी सामान म्हणजे शंभर फुटी टेप, नायलॉनची दोरी, लोखंडी खुंट्या, हातोडा, ओळंबा, पंधरा फुटी बांबू आणि शंभरेक विटा.

माप सगळं हातात आहे. हात म्हणजे दीड फूट धरा. हिज्कीया राजाच्या वेळी यरुशलेमात पाण्याचा बोगदा खणला, त्याच्या भिंतीवर खणणाऱ्यांनी १२०० हात असं कोरून ठेवलं होतं. तो बोगदा आज मोजला तर सुमारे ५३३ मीटर भरतो. म्हणजे हात साडेचव्वेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास, आपला दीड फूट ४५.७. एवढा फरक मैदानावर चालतो. इतिहासाच्या पुस्तकात ‘जुन्या मापाचे हात’ म्हटलंय, त्यामुळं काहीजण साडेबावन्न सेंटिमीटरचा मोठा हात धरतात. तसा धरला तर सगळं सहाव्या हिश्शानं वाढतं, पण टेपवर दीड फुटाचा हिशोब पोरांनाही तोंडी जमतो.

आता दिशा. मंदिराचं तोंड पूर्वेला. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी खुंट्यांजवळ भलतंच दाखवतं, त्यापेक्षा आदल्या दिवशी सावलीवर काढा. सपाट जागी तीन फुटी काठी ओळंब्यात उभी रोवा. तिच्याभोवती तीन फूट त्रिज्येचं वर्तुळ काढा. सकाळी नवाच्या सुमारास सावलीचं टोक वर्तुळाला शिवत आत येतं, तिथं खूण करा. दुपारी साडेतीनच्या पुढं ते पुन्हा वर्तुळाला शिवून बाहेर जातं, तिथं दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळाली. सकाळची खूण पश्चिमेची, दुपारची पूर्वेची.

या रेघेला धरून दक्षिणेकडची पहिली दोरी ओढा, ९० फूट. मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद, ३० हात उंच असं लिहिलंय. म्हणजे ९० फूट, ३० फूट, ४५ फूट, आणि ही मापं आतली धरायची. पश्चिम टोकाच्या मागं २५ फूट आणि दोरीच्या दक्षिणेला तेवढीच जागा मोकळी सुटली पाहिजे, हे पहिली खुंटी ठोकायच्या आधी बघा. कोपऱ्यावर गुण्या लावू नका. एवढ्या लांबीत दोन फुटी गुण्याची केसभर चूक शेवटी वीतभर होते. एका दोरीवर १५ फूट, दुसरीवर २० फूट, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर २५ फूट आलं की काटकोन झाला. चौकोन पुरा झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ९४ फूट साडेदहा इंचांच्या जवळ आणि एकसारखे आले पाहिजेत. तोवर फक्कीला हात लावायचा नाही.

पश्चिम टोकापासून ३० फुटांवर आडवी रेघ मारा. मागं राहिला ३० बाय ३० चा चौकोन ते परमपवित्रस्थान, म्हणजे गाभारा, पुढची ६० फूट ते पवित्रस्थान. मध्ये दगडी भिंत नव्हती, गंधसरूच्या फळ्या होत्या, म्हणून एक रेघ पुरे. परमपवित्रस्थानाची उंचीसुद्धा २० हातच, म्हणजे तो घनच. पुढचं दालन ३० हात उंच असताना मागचं छत खाली होतं की फरशी वर होती, हा वाद आहे. जमिनीवर तो दिसत नाही, सोडून द्या.

दालनापुढं समोरची भिंत लाल चुऱ्यानं ९ फूट जाड आखा आणि तिच्यापुढं पांढऱ्यानं देवडी, ३० फूट रुंद, १५ फूट खोल. भिंतींची जाडी राजेच्या पुस्तकात नाही. यहेज्केल संदेष्ट्याला दर्शनात दिसलेल्या मंदिरात भिंत ६ हात आणि खोल्यांची बाहेरची भिंत ५ हात सांगितलीय, तीच घ्या. पण ते मंदिर वेगळं, म्हणून लाल रंग.

आता मला सगळ्यात आवडणारं काम. मंदिराच्या दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अंगाला तीन मजली खोल्या होत्या. तळच्या ५ हात रुंद, मधल्या ६, वरच्या ७. वर जाईल तसं रुंद, हे ऐकून कुठलाही गवंडी थबकेल. आपल्या माळवदाच्या घरात तुळईसाठी भिंतीत खोबण सोडतात. इथं तसं केलेलं नाही. मंदिराची भिंतच बाहेरच्या अंगानं दर मजल्याला एक हात आत घेतली, त्यानं जो कट्टा तयार झाला त्यावर तुळया टेकवल्या. भिंतीला एक भोक नाही. लाकूड कुजलं, बदललं, तरी मंदिराच्या दगडाला धक्का नाही.

हे मैदानावर दिसत नाही, तेव्हा एका कोपऱ्यात विटा रचून दाखवा. नऊ इंची वीट घ्या आणि अर्धी वीट म्हणजे एक हात धरा. मुख्य भिंत तळाला तीन विटा जाड, सात-आठ थर चढल्यावर अडीच, पुन्हा तेवढे थर चढल्यावर दोन. बाहेरची भिंत सरळ ठेवा, तळाला दोन्हींत अडीच विटांचं अंतर. मधल्या मजल्याला ते आपोआप तीन विटा होतं आणि वरच्याला साडेतीन. मजल्यांच्या जागी फळकुट टेकवा. पाच, सहा, सात हात कसे होतात हे सांगावंच लागत नाही. मैदानावर फक्त तळमजला आखा: ९ फूट भिंत लाल, साडेसात फूट खोली पांढरी, बाहेरची साडेसात फूट भिंत लाल. एकूण रुंदी ७८ फूट भरेल.

विटा रचताना तासायची वेळ आली तर ती मैदानाबाहेर तासा. दगड खाणीतच घडवून आणले होते, मंदिर उभं राहताना तिथं हातोडा, कुऱ्हाड किंवा कसल्याच लोखंडी हत्याराचा आवाज झाला नाही, असं लिहिलंय. ज्यानं साइटवर दगड बसवलाय त्याला यातली अडचण कळते: जागेवर जरासा टवका काढायची सोय नाही, म्हणजे खाणीतलं माप चोख पाहिजे. आपल्या वेरूळचं कैलास याच्या अगदी उलट, सगळी छिन्नी जागेवरच. आणि आकारही बघा. कैलासाचा नुसता खणलेला चौक सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे. शलमोनाचं दालन आणि परमपवित्रस्थान मिळून ९० फूट. रेघांत उभं राहिल्यावर बहुतेकजण म्हणतात, एवढंच? हो, एवढंच. गर्दी आत मावावी म्हणून ते बांधलेलंच नव्हतं.

देवडीपुढं दोन खांब, याखीन आणि बवाज. घेर १२ हात, म्हणून २ फूट १० इंचांची दोरी धरून दोन वर्तुळं. उंची १८ हात आणि वर ५ हातांचा कळस, मिळून साडेचौतीस फूट. इतिहासाच्या पुस्तकात ३५ हात दिलेत. पितळेचे, आतून पोकळ. देवडीचं छत त्यांच्यावर होतं की ते नुसतेच उभे होते याचा निकाल लागलेला नाही, म्हणून वर्तुळ पांढरं आणि जागेची फुली लाल.

अंगणात पितळी वेदी, ३० बाय ३० फूट, परमपवित्रस्थानाएवढीच. आग्नेयेला गंगाळसागर, म्हणजे पाण्याचं भलंमोठं गोल पितळी भांडं: साडेसात फुटांची दोरी फिरवली की झालं. पुस्तकात व्यास १० हात आणि घेर ३० हात आहे. कुणीतरी हुशार पोरगं घेर मोजतं आणि म्हणतं, काका, हा तर ४५ नाही, ४७ फूट आला. त्याला सांगा, काठ चार बोटं जाड होता; व्यास बाहेरून घेतला आणि घेर आतून, तर हिशोब बराच जुळतो. नाहीतर आकडे ठोकळ दिलेत असं समज.

मग माणसं उभी करा. सगळी मंडळी अंगणात, वेदीपाशी. याजक, म्हणजे पुजारी, म्हणून चार-पाचजण दालनात. परमपवित्रस्थानात वर्षातून एकदा फक्त मुख्य याजक जायचा. तिथं दोन करूब, म्हणजे पंखवाल्या स्वर्गीय प्राण्यांच्या मूर्ती, होते, १५ फूट उंच. उंचीसाठी बांबू उभा धरा. पंखांसाठी दोन लेकरं बाजूच्या भिंतींपासून साडेसात फुटांवर एकेक उभी करा आणि प्रत्येकाच्या दोन्ही हातांत साडेसात फुटी दोरी द्या. बाहेरची टोकं भिंतींना लागतात, आतली मधोमध एकमेकांना. त्या मधल्या टोकांखाली कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या दगडी पाट्यांची पेटी, म्हणून एक पेटी ठेवा.

सांगायचं ते थोडक्यात सांगा. काम शलमोनाच्या चौथ्या वर्षी सुरू झालं, सात वर्षं चाललं. लाकूड सोरच्या हीराम राजानं लबानोनातनं दिलं, समुद्रातनं तराफे बांधून यापो बंदराला आणलं, बदल्यात दरसाल २०,००० कोर (धान्याचं जुनं माप) गहू आणि वर तेल. त्या लाकडासाठी ३०,००० माणसं वेठीला धरली होती, महिन्याला दहा हजारांची पाळी, एक महिना लबानोनात आणि दोन महिने घरी. इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबेलच्या, म्हणजे बॅबिलॉनच्या, सैन्यानं मंदिर जाळलं.

फक्की उरली तर शलमोनाचं लबानोनी वनगृहही आखा. राजवाड्यातली ती एकच इमारत १०० हात लांब, ५० हात रुंद, म्हणजे १५० बाय ७५ फूट, आणि अख्ख्या राजवाड्याला तेरा वर्षं लागली. तिला आणखी दहा गुंठे लागतात, तेव्हा शेजारचं रान मोकळं असेल तर चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून नुसती दोरी फिरवा. लेकरांना दोन्हींतनं चालू द्या, आणि त्यानंतर जे प्रश्न येतील ते पाळकसाहेबांकडं पाठवा.