टर्ब्युलंट प्रवाह मोजताना या चुका टाळा

टर्ब्युलंट, म्हणजे भोवऱ्यांनी भरलेल्या खळबळत्या प्रवाहाचा सिग्नल मुळातच वेडावाकडा असतो. त्यामुळे मोजणीतली चूक त्यात बेमालूम मिसळते. ती आपल्यालाच शोधून काढावी लागते.

पहिला संशय तापमानावर घ्या. हॉट-वायरमध्ये साधारण 5 मायक्रॉन जाडीची तापलेली तार हवेने किती थंड होते, यावरून वेग काढतात. हवाच गरम झाली तर तारेच्या लेखी वेग कमी झाला. एका अंशाच्या फरकाने वेगात सुमारे 2 टक्के चूक येऊ शकते, आणि तीच हवा पुन्हापुन्हा फिरवणाऱ्या बंद चक्राच्या विंड टनलमध्ये पंख्यामुळे हवा तापतच जाते. प्रोबशेजारी (तार बसवलेल्या सळईशेजारी) तापमान सतत नोंदवा. कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या वेगांवर सिग्नलचा वक्र काढणं, प्रयोगाआधी करा तसंच नंतरही करा. तापमानाची दुरुस्ती करूनही दोन वक्र जुळत नसतील, तर मधली मोजणी पुन्हा करायची. हे जिवावर येतं, पण त्याला पर्याय नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक नमुन्यांच्या संख्येने होते. 10 किलोहर्ट्झने 10 सेकंद नोंद केली की 1 लाख आकडे मिळतात. पण मोठ्या भोवऱ्यांचा कालावधी, म्हणजे इंटिग्रल टाइम स्केल, 0.05 सेकंद असेल तर त्यातले स्वतंत्र नमुने जेमतेम 100, कारण दोन स्वतंत्र नमुन्यांमध्ये या कालावधीच्या दुप्पट अंतर लागतं. टर्ब्युलन्सची तीव्रता (सरासरी वेगाच्या तुलनेत चढउतार) 10 टक्के असताना सरासरी वेग 1 टक्क्याच्या आत, 95 टक्के खात्रीने हवा असेल, तर असे सुमारे 400 लागतात. म्हणजे 40 सेकंद. तेवढ्यातही चढउतारांच्या आरएमएसमध्ये (वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळात) 7 टक्क्यांच्या आसपास अनिश्चितता उरतेच. सॅम्पलिंगचा वेग वाढवून हे सुटत नाही, नोंदीचा काळच वाढवा.

लो-पास फिल्टर (जास्त वारंवारता अडवणारा) सिग्नल डिजिटल होण्याआधी लावा, सॅम्पलिंगच्या निम्म्याहून कमी वारंवारतेवर. एकदा एलियासिंग झालं, म्हणजे जास्त वारंवारता खोट्या कमी वारंवारतेच्या रूपात मिसळली, की सॉफ्टवेअरमधला फिल्टर ते निस्तरू शकत नाही. स्पेक्ट्रममध्ये (वारंवारतेनुसार ऊर्जेच्या आलेखात) 50 किंवा 60 हर्ट्झवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या वारंवारतेवर, टोकदार सुळका दिसला तर आधी अर्थिंग तपासा.

प्रवाह उलटा फिरतो तिथे साधी हॉट-वायर वापरूच नका. तिला दिशा कळत नाही, उलटा वेगही ती सुलटाच दाखवते. भिंतीला अगदी चिकटून मोजतानाही सावध राहा: तारेची उष्णता भिंतीत जाते आणि वेग उगाच जास्त दिसतो.

पीआयव्हीमध्ये प्रवाहात सोडलेल्या कणांचे लेझरच्या उजेडात लागोपाठ फोटो काढून त्यांच्या विस्थापनावरून वेग काढतात. त्यात कणाची प्रतिमा 2 पिक्सेलपेक्षा लहान पडली, तर विस्थापनं पूर्ण पिक्सेलकडे ओढली जातात. विस्थापनांच्या अपूर्णांक भागाचा हिस्टोग्राम काढा. आकडे शून्याजवळ गोळा झाले असतील, तर लेन्सचं छिद्र लहान करा आणि कमी झालेल्या उजेडाची भरपाई लेझरची ऊर्जा वाढवून करा.