लष्करातून कंपनीत येताना या चुका टाळा

ब्रिगेडियर, मेजर जनरल अशा हुद्द्यांवरून निवृत्त झालेल्यांचे बायोडेटा माझ्याकडे सतत येतात. माणसं कर्तबगार असतात, म्हणूनच त्याच त्या चुका पाहून जीव तुटतो.

बायोडेटात हुद्दे, पदकं आणि लघुरूपं भरू नका. किती वाहनं, किती गोदामं, किती बजेट सांभाळलं आणि तुमच्यामुळे काय सुधारलं, ते लिहा. अमेरिकी लष्करातले ब्रिगेडियर जनरल रॉबर्ट वूड 1924 मध्ये सीअर्स या अमेरिकी कंपनीत गेले ते पनामा कालव्यावर आणि पहिल्या महायुद्धात रसद हाताळलेला माणूस म्हणून. टपालाने माल विकणाऱ्या त्या कंपनीला त्यांनी 1925 पासून दुकानं काढायला लावली. बायोडेटा पैसे देऊन लिहून घेणं मला अजिबात पटत नाही. मुलाखतीत तेच तुम्हाला तोंडाने सांगायचं असतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे गप्प बसण्याला होकार समजणं. एका मेजर जनरलसाहेबांना मी मालपुरवठा विभागाचं प्रमुखपद मिळवून दिलं होतं. तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी बैठकीत सांगितलं, शुक्रवारपर्यंत दोन गोदामं एकत्र करायची. कोणी चकार शब्द काढला नाही, साहेब निर्धास्त झाले. शुक्रवारी जाऊन पाहतात तर एक खोकंही हललेलं नाही. विक्रीप्रमुख शांतपणे म्हणाल्या, “सर, मी हो म्हटलंच नव्हतं.” ते खरंच होतं. लष्करातही निर्णयाआधी चर्चा होते, पण निर्णय झाला की ती संपते. कंपनीत ती तिथून सुरू होते, कारण प्रत्येकाचं उद्दिष्ट आणि बोनस वेगळा. साहेबांचा आवाज चढला आणि पुढे कित्येक महिने त्या विभागात त्यांच्याशी कोणी मोकळं बोललं नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो. ज्यांना निर्णयाची झळ बसणार, त्यांना आधी त्यांच्या टेबलाशी जाऊन एकेकट्याने भेटा. बैठकीत नाव घेऊन अडचण विचारा. संध्याकाळी ई-मेल करा: कोण, काय, कधीपर्यंत.

संचालक मंडळाच्या आमंत्रणाला भुलू नका. अमेरिकेचे जनरल जेम्स मॅटिस 2013 मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी थेरानोस या रक्ततपासणी कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. स्वतःचे सुमारे 85,000 डॉलरही त्यांनी त्यात घातले. तिथलं यंत्र सांगितल्यासारखं चालतच नव्हतं. 2018 मध्ये कंपनी बंद झाली, 2021 मध्ये संस्थापिकेच्या खटल्यात त्यांना साक्ष द्यावी लागली. लेखापरीक्षण झालेले हिशेब मागा, त्या विषयातल्या जाणकाराला दाखवा. द्यायला टाळाटाळ झाली तर नकार कळवा.

जुन्या खात्याला माल विकणाऱ्या कंपनीत जाण्याआधी निवृत्तीनंतरचे निर्बंध वाचा.

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी सीईओपदासाठी अर्ज टाकू नका. ही घाई मला फार खटकते. आधी ताळेबंद वाचायला शिका, आणि तोही तीन दिवसांच्या कार्यशाळेत नको. जिथे जायचंय त्या कंपनीचे तीन वर्षांचे वार्षिक अहवाल घ्या आणि नफा दिसत असताना रोकड का आटली, हे स्वतः शोधा.