रेप्लिकेशनचा कंपॅटिबिलिटी तक्ता सांभाळायला आलात तर

डेटाबेस रेप्लिकेशनच्या, म्हणजे एका सर्व्हरवरचा डेटा दुसऱ्यावर सतत कॉपी करणाऱ्या प्रॉडक्टवर टेक्निकल रायटर म्हणून रुजू झालात, की लवकरच कुणीतरी कुठलं व्हर्जन कुठल्याशी जुळतं याचा एक तक्ता तुमच्याकडे सरकवतं. ‘नवीन पोस्टग्रेस आलंय, तेवढी एक ओळ वाढव.’ (पोस्टग्रेस हा एक डेटाबेस.) माझ्याकडेही हे काम असंच आलं. डेटाबेसबद्दल मला आज जे कळतं, त्यातलं बरंचसं त्या एका ओळीच्या मागे लागून कळलेलं आहे.

उभी-आडवी व्हर्जन्स आणि मधे बरोबरची खूण, एवढ्यावर भागत नाही. आधी विचारा, रेप्लिकेशन कुठलं? पोस्टग्रेसच्या स्ट्रीमिंग रेप्लिकेशनला (यात अख्ख्या सर्व्हरची हुबेहूब प्रत होते) दोन्ही सर्व्हरचं मेजर, म्हणजे मुख्य व्हर्जन एकच लागतं. 2017 साली व्हर्जन 10 मध्ये आलेलं लॉजिकल रेप्लिकेशन (यात टेबलांमधल्या रोंचे बदल पाठवले जातात) मात्र वेगवेगळ्या मेजर व्हर्जन्समध्ये चालतं, आणि अपग्रेडसाठी लोक ते वापरतात ते म्हणूनच. दोन्हींना एकच रकाना दिलात तर वाचणारा हमखास फसतो. आणि तक्त्यात ‘9.x’ दिसलं तर ते लगेच फोडा. त्या काळी 9.5 आणि 9.6 ही दोन वेगळी मेजर व्हर्जन्स होती. 10 पासून पहिलाच आकडा मेजर झाला.

मग दिशा. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये सोर्स (जिथून डेटा जातो तो सर्व्हर) 5.7 आणि रेप्लिका (जिथे कॉपी होतो तो) 8.0 असेल तर चालतं; उलटं अधिकृतपणे सपोर्टेड नाही. इथे नुसतं ‘नाही’ लिहून सुटू नका, कारण लिहा. 8.0 मध्ये नव्या टेबलाला जे डीफॉल्ट कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम) मिळतं, ते 5.7 ला माहीतच नाही. कारण दिलं नाही, तर कुणीतरी करून बघतोच. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललेलं दिसतं, मग एखादं नवं टेबल येतं, रेप्लिकेशन थांबतं आणि सपोर्टकडे तिकीट येतं. एका ओळीच्या तळटीपेने अशी तिकिटं कमी होतात, आणि सपोर्टवाले तुम्हाला नावाने ओळखू लागतात.

तक्ता अचूक असला तरी बाकीची पानं शिळी होतात, याकडे नवे लोक बघत नाहीत. ‘चेंज मास्टर टू’ ही रेप्लिकाला सोर्स कुठे आहे ते सांगणारी मायएसक्यूएलची कमांड वर्षानुवर्षं सगळ्यांच्या सेटअप गाइडमध्ये होती. 8.0.23 मध्ये तिची जागा घेणारी नवी कमांड आली, म्हणजे बदल एका मायनर रिलीजमध्ये आला. 2024 च्या 8.4 मध्ये जुनी काढूनच टाकली. पोस्टग्रेस 12 मध्येही तसंच झालं: डेटा डिरेक्टरीत रिकव्हरी डॉट कॉन्फ ही जुनी सेटिंग्जची फाइल उरली असेल तर सर्व्हर सुरूच होत नाही. म्हणून नवं व्हर्जन आलं की तक्त्याला हात लावण्याआधी सगळ्या डॉक्समध्ये जुनी नावं सर्च करा. पोस्टग्रेसच्या रिलीज नोट्समध्ये मायग्रेशनचा भाग असतो, तो बीटा आल्यावरच वाचून ठेवा. मेजर व्हर्जन दरवर्षी साधारण शरदाच्या सुमारास येतं, त्यामुळे हाताशी काही महिने असतात.

माहिती कुणाकडून घ्यायची, यावर माझं मत ठाम आहे: तोंडी नको. डेव्हलपर म्हणतो ‘चालायला पाहिजे’, सेल्सवाला ते ‘चालतं’ म्हणून पुढे सांगतो आणि पानावर बरोबरची खूण उमटते. क्यूएने (टेस्टिंगच्या टीमने) टेस्ट केलेलं आणि टेस्ट न केलेलं पण अडचण दिसत नाही असं, या दोन वेगळ्या खुणा ठेवा. जमलं तर व्हर्जन्सची यादी कोडच्याच रेपोमध्ये (कोड साठवतात तिथे) एका यॅमल फाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या यादीत, ठेवायला लावा आणि तक्ता त्यातून तयार करा. म्हणजे टेस्ट काढून टाकणाऱ्याला ती फाइलही बदलावी लागते. तळटिपा मात्र हातानेच लिहाव्या लागतात.

जुन्या ओळी पुसू नका. मायएसक्यूएल 5.7 चा सपोर्ट ऑक्टोबर 2023 मध्ये संपला, पोस्टग्रेस 13 चा नोव्हेंबर 2025 मध्ये. पण ग्राहक त्या तारखेला अपग्रेड करून मोकळे होत नाहीत. ओळ वेगळ्या पानावर हलवा, शेजारी तारीख लिहा.

हे सगळं वाचून डोक्यात बसत नसेल तर लॅपटॉपवर दोन कंटेनर (स्वतंत्र छोट्या सर्व्हरसारखे) चढवा, एकात पोस्टग्रेस 13, दुसऱ्यात 17, आणि लॉजिकल रेप्लिकेशन जोडा. 13 हा पब्लिशर (डेटा पाठवणारा) आणि 17 हा सबस्क्रायबर (घेणारा) ठेवा. पब्लिशरवर टेबलात एक कॉलम वाढवा आणि एक रो घाला. सबस्क्रायबर कॉलम नाही म्हणून एरर देत बसेल, कारण स्कीमातले (टेबलांच्या रचनेतले) बदल आपोआप पलीकडे जात नाहीत. कॉलम तिकडेही वाढवा, गाडी पुन्हा सुरू होईल. मग अॅप 17 कडे वळवल्यासारखं करून तिथे सिरीयल (आपोआप वाढणारा) आयडी असलेल्या टेबलात रो घालून बघा. डुप्लिकेट कीची एरर येईल. पुढचा आयडी ठरवणाऱ्या सिक्वेन्सचा वाढलेला आकडा पोस्टग्रेस 13 च्या सर्व्हरवरच राहिलेला असतो, 17 कडे आलेला नसतो.