हॉलसाठी पडदे: ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांत काय टिकतं, काय शोभतं

पडद्यांच्या दुकानात शिरलं की बोलणं थेट रंगावर येतं, आणि बहुतेक घरांची निवड तिथेच फसते. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधल्या विसाव्या मजल्यावरचा हॉल आणि नौपाड्यातल्या जुन्या इमारतीचा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल यांना एकच कापड चालत नाही. ऊन केव्हा येतं, पाऊस कुठून मारतो आणि रॉड कसल्या भिंतीत बसणार, एवढं आधी पक्कं करा. रंग शेवटी.

ऊन

मोबाइलमधल्या होकायंत्रावर खिडकीचं तोंड कुठे आहे ते बघा. पश्चिमेच्या खिडकीत दुपारी तीननंतर तिरपं ऊन सोफ्यापर्यंत येतं. तिथे अस्तर लावलेला जाड पडदाच हवा, नाहीतर सोफ्याचं कापड एका बाजूने विटतं. पूर्वेचं ऊन सकाळपुरतं असतं, मध्यम जाडीचं कापड पुरतं. उत्तरेला नुसत्या नेटच्या पडद्यानेही भागतं.

दक्षिणेची खिडकी मात्र फसवी. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य ठाण्याच्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे उन्हाळ्यात या खिडकीतून ऊन जवळजवळ येतच नाही. मेमध्ये ताबा घेऊन घाईने पातळ पडदे शिवले की डिसेंबरात पंचाईत होते. तेव्हा सूर्य दक्षिणेला कलतो आणि सात फूट उंच फ्रेंच विंडोवर छज्जा किंवा बाल्कनी नसेल, तर बारा वाजताही ऊन सहा फूट आत येतं.

हॉलला संपूर्ण ब्लॅकआउट कापड शक्यतो घेऊ नका. दिवसा लावलं की ट्यूब पेटवावी लागते. दिवसासाठी नेट आणि त्याच्या पुढे मुख्य पडदा, अशी दुहेरी जोडी या हवेत सगळ्यात सोयीची, कारण वारा अडत नाही आणि समोरच्या बिल्डिंगची नजरही आत येत नाही. सीवूड्स किंवा नेरुळच्या खाडीकडच्या घरांत बाहेरचं दृश्य राखायचं असेल, तर सनस्क्रीन म्हणजे बारीक जाळीच्या कापडाचा रोलर ब्लाइंड चांगला. पण रात्री घरात दिवा लागला की त्यातून बाहेरच्यांना आतलं दिसतं, त्यामुळे सोबत पडदा लागतोच. ब्लाइंडची साखळी लोंबती ठेवू नका. लहान मुलांच्या गळ्यात ती अडकू शकते, म्हणून क्लिपने भिंतीला ताणून बसवून घ्या.

माप आणि कापड

स्टीलच्या टेपने चौकटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा घ्या आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. रॉड चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना किमान सहा-सहा इंच जास्त हवा, म्हणजे उघडलेला पडदा काचेवर न राहता भिंतीवर सरकतो. उंचीला चौकटीच्या वर चार ते सहा इंच. तिथेच स्प्लिट एसी असेल, तर फिटरला बोलावण्याआधी त्याच्या खालची मोकळी जागा मोजा. एसीचा झोत पडद्यावर आपटत असेल, तर खोली गार व्हायला वेळ लागतो.

सहा फूट रुंद फ्रेंच विंडोचा हिशोब असा. चौकट ७२ इंच, त्यात १२ मिळवले की रॉड ८४ इंच. चुण्या नीट पडायला कापड दुप्पट लागतं, म्हणजे १६८ इंच. बाजारात पडद्याचं कापड साधारण ४८ इंच पन्ह्याचं मिळतं. १६८ ला ४८ ने भागलं की साडेतीन येतात, म्हणून चार पट्टे घ्यायचे. तीन घेतले तर बंद केलेला पडदा ताणलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो.

रॉड जमिनीपासून ९० इंचांवर असेल, तर तयार पडदाही साधारण ९० इंचांचा; रॉडच्या वर इंचभर कापड राहतं, म्हणून तो लादीला टेकत नाही. वरची पट्टी आणि खालची दुमड मिळून आणखी १२ इंच, म्हणजे एका पट्ट्याला १०२ इंच. चार पट्ट्यांना साडेदहा मीटर. हे साध्या कापडाचं गणित. मोठ्या डिझाइनचं कापड असेल, तर नक्षी किती इंचांनी पुन्हा येते ते दुकानातच मोजा. ती २४ इंचांनी येत असेल, तर प्रत्येक पट्टा १२० इंचांचा कापावा लागतो आणि कापड सव्वाबारा मीटरवर जातं. एवढा फरक आधी धरला नाही, की जोडावर फुलं तुटलेली दिसतात.

सुती किंवा लिनन कापड शिवण्याआधी पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा आखडतो. पॉलिस्टर किंवा मिश्र कापडाला ही कटकट नाही, आणि पावसाळ्यात ते लवकर वाळतं. मखमल या दमट हवेत आणि रस्त्याच्या धुळीत आम्ही सुचवत नाही.

शिंप्याला दोन गोष्टी बजावून सांगा. आयलेट, म्हणजे रॉड ओवायच्या गोल कड्या, प्रत्येक पट्ट्याला सम संख्येत, बहुतेक आठ. विषम पडले तर पट्ट्याची एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे वळते. दुसरं, खालची दुमड कच्च्या टाक्यावर सोडा. पडदा आठवडाभर टांगला की कापड आपल्या वजनाने थोडं उतरतं. मग पक्की शिलाई.

रॉड आणि भिंत

पाच फुटांपुढे १९ मिलिमीटरचा पाइप मध्ये झुकतो, २५ चा घ्या. खाडीकाठच्या खारट हवेत साध्या लोखंडी रॉडला गंज धरतो आणि त्याचे डाग आयलेटभोवती उतरतात, म्हणून स्टेनलेस स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियम बरं. लांब रॉडला मधला ब्रॅकेट लागतो आणि आयलेट तो ओलांडत नाहीत. दहा फुटांचा पडदा एकाच बाजूला न्यायचा असेल, तर रॉड सोडून ट्रॅक लावा आणि हुकाचे प्लीटेड, म्हणजे वर चुण्या शिवून घेतलेले, पडदे शिवा.

नव्या टॉवरमधल्या मिव्हान बांधकामाच्या, म्हणजे धातूच्या साच्यात ओतलेल्या, भिंती सलग काँक्रीटच्या असतात. साध्या ड्रिलने भोक पडत नाही, हॅमर ड्रिलच लागतं. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत उलट होतं. भोक पटकन पडतं, पण साधा प्लग सैल होऊन ब्रॅकेट हातात येतो, म्हणून अशा ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन प्लग मागा. नुसत्या पीओपीच्या फॉल्स सीलिंगला पडद्याचं वजन कधीच देऊ नका. आत प्लायचा आधार दिलाय का, हे इंटिरियरच्या कामाच्या वेळीच बघून घ्या.

आता रंग

जांभळी नाक्यावर घ्या किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये, कापडाचा निदान हातभर तुकडा घरी आणा. तो खिडकीत टांगून सकाळी, दुपारी आणि रात्री तुमच्याच दिव्याखाली बघा. पांढऱ्या एलईडीत बेज करडा दिसतो, पिवळसर दिव्यात राखाडी मळकट वाटतो. आपल्याकडच्या बहुतेक हॉलमध्ये क्रीम टाइल्स आणि फिकट भिंत असते. त्यावर पडदा भिंतीच्याच रंगाचा, पण दोन छटा गडद घेतला की खोली मोठी वाटते. सोफा नक्षीदार असेल, तर पडदा साधा. सोफा साधा असेल, तर नक्षी पडद्यावर चालेल, दोन्हींवर नको. पाच उशांपैकी दोनच पडद्याच्या उरलेल्या कापडाच्या करा, बाकीच्यांत गालिच्यातला एखादा रंग उचला.

पडदा लादीपासून एक इंच वर थांबला पाहिजे. टेकलेला पडदा रोजच्या पोछ्याचं पाणी शोषतो आणि जुलैपर्यंत खालच्या कडेला बुरशीचे काळे ठिपके येतात. नैर्ऋत्येचा पाऊस झोडपतो त्या बाजूच्या स्लायडिंग खिडकीच्या खालच्या खाचेत पाणी जाण्यासाठी छोटी भोकं असतात. मे संपायच्या आत ती तारेने मोकळी करा आणि खाचेत तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतं का ते बघा.