इलस्ट्रेटरची जुनी फाइल उघडली की फोटो गायब: माझा अनुभव

इलस्ट्रेटर या अ‍ॅडोबीच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये सहा महिन्यांपूर्वीचं मेनूकार्ड उघडलं, की लिंक केलेली फाइल सापडत नसल्याचा मेसेज. इग्नोर केलं तर फोटोंच्या जागा रिकाम्या.

फोल्डर नीट लावले, तर आणखी लिंक तुटल्या. सगळे फोटो एम्बेड केले, म्हणजे फाइलमध्येच घातले, तर फाइल मेलने जाईना इतकी जड. छापखाना खोळंबलेला आणि मी रात्री डाउनलोड्स उपसतेय, अगदी रडकुंडीला आले होते.

कारण साधं होतं. लिंक केलेला फोटो फाइलमध्ये नसतो, असतो फक्त त्याचा पत्ता. आणि मी फोटो थेट डाउनलोड्समधून ओढत होते.

आता काम आलं की आधी क्लायंटच्या फोल्डरमध्ये 'लिंक्स' फोल्डर. फोटो तिथे कॉपी, मगच प्लेस, म्हणजे डिझाइनमध्ये आणणं. काम संपलं की फाइल सेव्ह करून लिंक्स पॅनेल तपासते, मग फाइल मेनूतून पॅकेज, म्हणजे फाइल, फोटो आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा. कॉपी लिंक्स, रीलिंक आणि कॉपी फॉन्ट्स, तिन्हींवर टिक हवी. त्यानंतर (हे टाळू नका) मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदलून पॅकेजमधली फाइल उघडते. फोटो दिसले तरच झिप.

अ‍ॅडोबी फॉन्ट्स या ऑनलाइन सेवेवरचे फॉन्ट पॅकेजमध्ये येत नाहीत. म्हणून छापखान्याच्या वेगळ्या प्रतीत त्या फॉन्टमधला मजकूर निवडून क्रिएट आउटलाइन्स करते, म्हणजे अक्षरांचे आकार होतात आणि फॉन्ट लागत नाही.