पडसाद ‘पडत’ नाहीत: परिणाम सांगताना या चुका टाळा

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नागपुरात ‘पडसाद’ या शब्दाला सुगीचे दिवस येतात. निवेदन, पत्रक, बातमी, जिथे बघावं तिथे कशाचे ना कशाचे पडसाद. शब्द चांगला आहे, पण बरेचदा भलत्याच क्रियापदाच्या गळ्यात पडतो.

पडसाद पडले

पडसाद उमटतात. त्यातलं ‘पड’ पडण्याचं नाहीच. ते ‘प्रति’चं झिजलेलं रूप आहे, पडछाया, पडजीभ यांतलं. पडसाद म्हणजे मुळात प्रतिध्वनी. बातमीतले पडसाद उमटायला मात्र माणसं लागतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. गाद्या, फ्रिज भिजून वाया गेले, हा परिणाम. लोक चिडले, जाब विचारू लागले, हे पडसाद. ‘पुराचे पडसाद म्हणून गाड्या बंद पडल्या’ असं लिहू नका. गाडीच्या इंजिनात पाणी गेलं होतं, तिला काही ऐकू आलं नव्हतं.

परिणाम पडला, परिणामस्वरूप

हिंदीत असर पडतो, मराठीत परिणाम होतो. मराठीत पडायचाच तर प्रभाव पडतो. सीताबर्डीत कोणी दुकानदार ‘धंद्यावर असर पडून राहिला ना भाऊ’ म्हणाला तर त्यावर बोट ठेवायचं कारण नाही. ती इथली बोली आहे आणि झकास आहे. पण संस्थेच्या अहवालात ‘परिणामस्वरूप’ दिसलं की लाल पेन आपोआप हातात येतं. ‘परिणामी’ एवढं पुरतं. ‘यामुळे परिणामी’ तर नकोच, दोघं एकच काम करतात.

पर्यवसान

सर्वात जास्त घोळ इथे. आधी लेखन: ‘पर्यावसान’ नव्हे, परि + अवसान, म्हणून पर्यवसान. मग रचना: कशाचं तरी पर्यवसान कशात तरी होतं. त्यातला ‘त’ गळला की वाक्य लंगडतं. ‘वादाचं पर्यवसान दोघांत मारामारी झाली’ अशी वाक्यं सर्रास सापडतात. ‘वादाचं पर्यवसान मारामारीत झालं’ असं हवं.

शिवाय पहिली गोष्ट स्वतःच वाढत, बदलत जाऊन दुसरी व्हावी लागते. बाचाबाचीची मारामारी होते, ओळखीचं पर्यवसान लग्नात होतं (शेवट वाईटच हवा असं नाही). ‘अपघाताचं पर्यवसान कोंडीत झालं’ हे व्याकरणात बसलं तरी कानाला खटकतं. ‘अपघातामुळे वर्धा रोडवर कोंडी झाली’ लिहा आणि मोकळे व्हा. ‘परिणती’चीही रचना हीच, फक्त ती स्त्रीलिंगी: परिणती झाली.

फलित, फलश्रुती, निष्पन्न

ज्यासाठी खटाटोप केला, ते हाती आलं की फलित. विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात व्हावं हे १९५३ च्या नागपूर करारात ठरलं. आजचं हिवाळी अधिवेशन हे त्याचं फलित. १९५६ मध्ये नागपूरचं राजधानीपण गेलं, तो मात्र राज्यपुनर्रचनेचा परिणाम. त्याला फलित म्हणाल तर नागपूरच्या महाल भागातल्या कट्ट्यावरून धड परत येणार नाही.

फलश्रुती खरी स्तोत्राच्या शेवटी असते, पठणाचं फळ सांगणारी. ‘बैठकीची फलश्रुती’ आता रुळली आहे, चालू द्या. अपघाताची लिहू नका. निष्पन्न होतं ते चौकशीतून किंवा तपासातून. पावसातून नुकसान निष्पन्न होत नाही, नुसतं होतं.

पार्श्वभूमीवर

‘पुराच्या पार्श्वभूमीवर पंचनामे सुरू’. इथे ‘पुरानंतर’ म्हणायला काय हरकत आहे? ‘उद्याच्या मोर्चाच्या पार्श्वभूमीवर रस्ते बंद’ ही तर कमालच, अजून न घडलेली गोष्ट मागे कशी जाऊन बसली? ‘उद्या मोर्चा असल्याने’ लिहा. आणि युद्धोत्तर, मरणोत्तर यांच्या चालीवर ‘पूरोत्तर मदत’ बनवायचा मोह आवरा. वाचणारा ते पूर्वोत्तर समजतो आणि मदत थेट आसामात पोहोचते.