पिकअपला प्लाऊ जोडण्यापूर्वी: बफेलोकडील काही हिवाळ्यांचा अनुभव

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या दक्षिणेकडील गावांत हिवाळ्याचे वेळापत्रक ईरी सरोवर ठरवते. नोव्हेंबरमध्ये सरोवराचे पाणी अजून उबदार असते. त्यावरून थंड वारा सरोवराच्या लांबीच्या दिशेने वाहत आला की वाटेत बाष्प उचलतो, आणि किनारा ओलांडताच एका अरुंद पट्ट्यात त्याचे बर्फ होऊन कोसळते. पट्ट्याच्या आत दोन फूट बर्फ आणि काही मैलांवर कोरडा रस्ता, हे दृश्य येथे कोणालाच नवे नाही. मी नोकरीसाठी येथे आलो आणि तिसऱ्या हिवाळ्यात, ड्राइव्ह-वेवरचा, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतच्या गाडीवाटेवरचा, बर्फ साफ करणाऱ्याला दर वेळी पैसे मोजून कंटाळलो तेव्हा, पाऊण टन वर्गातला जुना पिकअप घेऊन त्याला प्लाऊ, म्हणजे पुढे लटकणारे बर्फ ढकलायचे पाते, बसवला. पुढे त्यातून शेजारपाजारची कामे मिळाली, परंतु ती ग्रीन कार्ड हाती आल्यानंतरच घेतली. एच-१बी व्हिसावर असणाऱ्याला असा जोडधंदा करता येत नाही, तेव्हा नवागतांनी हिशेब तेथूनच सुरू करावा.

प्लाऊला शब्दकोशात नांगर म्हटले असले तरी हे यंत्र जमिनीला टोचत नाही, तिच्यावरून सरकते. त्यामुळे त्याचे नाते आपल्याकडच्या नांगरापेक्षा नांगरटीनंतर फिरवायच्या फळीशी अधिक जवळचे आहे. नवखा माणूस आधी हे पाते विकत घेतो आणि मग ते आपल्या ट्रकला पेलेल का, याचा विचार करतो. माझेही तसेच झाले. खरे तर चालकाच्या बाजूचे दार उघडल्यावर चौकटीला चिकटवलेली जी पट्टी दिसते, ती सर्वांत आधी वाचली पाहिजे. पुढच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, जास्तीत जास्त किती भार चालतो, तो आकडा तिच्यावर छापलेला असतो. माझ्या ट्रकचा आकडा ४,९०० पौंड होता. जो ट्रक कारखान्यातूनच प्लाऊसाठीच्या पॅकेजसह येतो, त्याला पुढे जड स्प्रिंगा असतात आणि हा आकडा सहसा अधिक असतो. माझ्या ट्रकला ते पॅकेज नव्हते.

येथे तरफेचे साधे गणित आहे. ७०० पौंडांचे पाते पुढच्या अ‍ॅक्सलच्या सुमारे चार फूट पुढे लटकते आणि दोन अ‍ॅक्सलमध्ये बारा फुटांचे अंतर असते. परिणामी पाते उचलले की पुढच्या चाकांवर ७०० नव्हे, तर सुमारे ९३० पौंड वाढतात आणि मागची चाके २३० पौंडांनी हलकी होतात. उसाची ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचे तोंड उचलू नये म्हणून पुढे वजने लावलेली ज्याने पाहिली आहेत, त्याला हा प्रकार लगेच कळेल. येथे फक्त बाजू उलटी आहे: तोंड दबते आणि मागचा भाग रिकामा पडतो.

त्यासाठी मागे वाळूच्या पिशव्या ठेवतात. मीही प्रत्येकी ६० पौंडांच्या दहा पिशव्या आणल्या आणि चढवायला सोप्या जाव्यात म्हणून बाजूने उचलून केबिनच्या पाठीशी रचल्या. त्या अवस्थेत ट्रक महामार्गावरील ट्रक-थांब्याच्या वजनकाट्यावर नेला. तेथे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे वजन वेगवेगळे छापून मिळते. पुढचा आकडा आला ४,९८०. पिशव्या मागच्या अ‍ॅक्सलच्या तीन फूट पुढे होत्या, म्हणजे त्यांच्या वजनाचा चौथा हिस्सा मी पुढच्याच चाकांवर टाकत होतो. त्याच दहा पिशव्या मागच्या फाळक्याला टेकवून, अ‍ॅक्सलच्या दोन फूट मागे ठेवल्या, तेव्हा पुढचा आकडा ४,७३० वर आला. अडीचशे पौंडांचा फरक, आणि एक पिशवीही नवीन घेतली नव्हती. अचानक ब्रेक लागल्यावर पिशव्या पुढे सरकू नयेत म्हणून त्यांच्यापुढे लाकडी चौकट ठोकावी. पुढच्या स्प्रिंगांना रबरी टेकू लावून ट्रक सरळ दिसू लागतो, परंतु त्यामुळे पट्टीवरचा आकडा वाढत नाही.

पात्याची रुंदी ठरवताना ते तिरके केल्यावर किती उरते, हे पाहावे. तीस अंशांनी वळवलेले साडेसात फुटांचे पाते साडेसहा फुटांचे काम करते, आणि मग माझ्या ट्रकची बाहेरची चाके न साफ केलेल्या बर्फावरून जातात. म्हणून मी आठ फुटी घेतले. दुसरा प्रश्न असा की रस्त्यातल्या गटाराच्या झाकणाची कड किंवा फरशीचा उंचवटा लागला तर काय मोडते. काही प्लाऊंमध्ये पूर्ण पाते पुढे कलते, तर काहींमध्ये फक्त खालची पट्टी मागे दुमडते. पाते बर्फाने भरलेले असताना मला दुसरी रचना बरी वाटते, कारण गोळा केलेला ढीग सांडत नाही. जुना प्लाऊ स्वस्तात मिळत असेल तर त्याच्यासोबत आपल्याच ट्रकच्या मॉडेलची माउंट (पाते ट्रकला अडकवायची चौकट) आणि वायरिंग येते का, हे विचारून घ्यावे. माझ्या एका परिचिताने स्वस्त पाते घेतले आणि या दोन गोष्टींवर पात्याइतकाच खर्च केला.

विजेकडे फार दुर्लक्ष होते. पाते उचलणारा हायड्रॉलिक पंप बॅटरीवर चालतो आणि क्षणभरासाठी प्रचंड करंट ओढतो, तर इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने वीज देत नाही. पाते उचलताना दिवे मिणमिणू लागले की बॅटरी आणि तिचे टर्मिनल तपासावेत. जानेवारीतल्या एका रात्री दोन वाजता माझे पाते जमिनीवरून हलेना. पुढच्या जाळीजवळचा मोठा प्लग उघडला, तर पितळी पिनांवर मोरचुदासारखा निळसर हिरवा थर चढला होता. रस्त्यावरचे मीठ तेथपर्यंत पोहोचले होते. खिशातल्या किल्लीने खरवडून ती रात्र निभावली. तेव्हापासून प्रत्येक जोडावर डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल आणि मीठ आत शिरू न देणारे) भरूनच प्लग लावतो. मोटर फिरते पण पाते उचलत नाही, असे झाले तर आधी तेलाची पातळी पाहावी; मोटरच गप्प असेल तर दोष बहुधा प्लग, फ्यूज किंवा सोलेनॉइडमध्ये (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचमध्ये) असतो. तेलाची एक सुटी होज (नळी), तेलाची बाटली आणि फावडे गाडीत कायम ठेवावे.

उचललेले पाते रेडिएटरची हवा अडवते, म्हणून लांब जाताना ते शक्य तितके खाली आणि तिरके ठेवतात आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवतात. प्रत्यक्ष काम करताना वेग ताशी दहा मैलांच्या आत असावा. रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये जाण्यापूर्वी ट्रक पूर्ण थांबवावा. त्या अर्ध्या सेकंदाची घाई ट्रान्समिशनला महागात पडते. गॅरेजच्या दारापासूनचा बर्फ आधी मागे ओढून घ्यावा आणि मग पुढे ढकलावा. पहिल्या वादळात ढीग जितका मागे नेता येईल तितका न्यावा, कारण तो गोठला की हलत नाही आणि फेब्रुवारीत जागा उरत नाही. समोरच्या सार्वजनिक रस्त्यावर बर्फ ढकलणे न्यूयॉर्क राज्यात बेकायदा आहे.

लोकांची कामे घेणार असाल तर ट्रकचा घरगुती विमा त्यासाठी चालत नाही. व्यावसायिक विमा आणि कोणी घसरून पडल्यास लागणारे दायित्वाचे कवच, दोन्ही घ्यावे लागतात. दर खेपेमागे पैसे घेतले तर कोरड्या हिवाळ्यात हात रिकामे राहतात, आणि हंगामाची रक्कम आगाऊ घेतली तर जड हिवाळ्यात डिझेल आपल्या खिशातून जाते. मी दोन्ही मिसळतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला चार दिवसांत ८० इंच बर्फ पडला, तेव्हा मात्र करार कोणताही असला तरी पिकअपचा उपयोग नव्हता. ते काम लोडरचे, म्हणजे पुढे मोठे खोरे असलेल्या अवजड यंत्राचे, होते. त्यामुळे आता करारात एका वादळात दीड फुटाच्या वर बर्फ पडल्यास वेगळा दर, असे स्पष्ट लिहून घेतो, आणि जमीन गोठण्यापूर्वी, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, प्रत्येक ड्राइव्ह-वेच्या कडेने केशरी काठ्या रोवून येतो.